डावा पुढचा

बाकी सगळ्यांनी तिला वरून पाहिलं:
दुर्बिणीतून, कुंपणाला रेलून,
पबमधल्या टीव्हीवर, हातात तिकीट चुरगाळत.
मी खालून पाहिलं.
माझ्या मांड्यांत धरलेला तिचा डावा पुढचा खूर,
माझ्या तोंडात सहा खिळे,
त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता.

नॅरँडेराच्या बाहेर, मरंबिजीकाठच्या निलगिरींखाली
नोव्हेंबर सरताना जन्मली. फारच उशिरा.
आमच्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक ऑगस्ट,
म्हणून कागदावर वर्षाची झाली
तेव्हा ती जेमतेम आठ महिन्यांची.
नाव ठेवलं लेट फ्रॉस्ट,
अवेळी पडून पीक जाळणारं हिंव.
तबेल्यात मात्र पिप.
पाय किंचित आत वळलेला. लिलावात
माणसं पायाकडे बघत आणि पुढे सरकत.
वर्ना ओल्ड्रिजने घेतली जुन्या ट्रॅक्टरच्या भावात
आणि मला म्हणाली, "किटो, हा पाय तुझा."

वॅगाला हजार मीटर, मंगळवारची दुपार,
माणसांपेक्षा गुलाबी काकाकुवे जास्त.
गेट उघडलं, काकाकुवे उडाले,
ते परत गवतावर बसायच्या आत शर्यत संपली होती.
टॅविश उतरला तो हसतच,
"मी काही केलं नाही हो, फक्त वर होतो."

मग अल्बरी. मग कॅनबेरा. मग रँडविक,
जिथलं गवतसुद्धा भांग पाडल्यासारखं.
मग फ्लेमिंग्टनची सरळसोट बाराशे,
वळण नाही, लपायला आडोसा नाही.
एक मिनिट आठ सेकंद.
एवढ्यात माझा चहाही मुरत नाही.
रात्री चित्रफीत मागे नेऊन नेऊन मी मोजल्यात
एकशे सत्तर झेपा.
प्रत्येक झेपेत एक क्षण असा
की डावा पुढचा एकटाच जमिनीवर
आणि अख्खी घोडी त्याच्यावर.
मध्ये ऐंशी ग्रॅम ॲल्युमिनियम. माझं.

अकरा शर्यती, अकरा विजय.
गावाने धान्याच्या सायलोवर तिचं चित्र काढून घेतलं,
तीस मीटर उंच, मागे सूर्यास्त वगैरे.
चित्रकाराने पाय सरळ काढले.
मी वर्नाला म्हटलं, ही कुणाची घोडी?

बाराव्या शर्यतीआधी, बुधवारी,
खुराच्या कडेला एक भेग. केसाएवढी.
घोडामैदान जवळच होतं,
तिकिटं विकली गेली होती,
बेकरीवाल्या मावराने दुकान बंद ठेवून बस ठरवली होती.
वर्नाने विचारलं.
मी तोंडातले खिळे काढले,
तळहातावर ठेवले,
आणि म्हणालो, "चालेल."

हरली ती. नाकपुडीभर अंतराने.
पेपरात लिहून आलं: जमीन ओली, टॅविशने घाई केली,
वय झालं. पाच वर्षांची घोडी!
मी तो पेपर चुलीत घातला नाही,
घडी करून खिळ्यांच्या डब्याखाली ठेवला. अजून आहे.
भेग बोटभर झाली होती.
एकशे सत्तर वेळा
तिने माझा शब्द जमिनीवर टेकवला होता.

आठ महिन्यांनी परतली. दोन जिंकली, एकात तिसरी,
आणि एका थंड सकाळी वर्ना म्हणाली, पुरे.
फारसं कुणी नव्हतं. नाल मी काढले.
खिळा निघताना बारीक आवाज होतो,
दाढ हलल्यासारखा.

आता ती अनवाणी फिरते कुरणात,
पोटात वासराएवढं शिंगरू.
दर सहा आठवड्यांनी मी जातो, खूर तासतो,
भेगेच्या जागी एक फिकट रेघ
वाढत वाढत खाली उतरून कधीच कापली गेली.
माझी कंबर आता वाकत नाही नीट.
काम झाल्यावर पाय सोडतो, पण ती काढून घेत नाही,
तशीच राहते, माझ्या मांडीवर भार टाकून,
नदीकडे बघत.

मी काही बोलत नाही.
तोंडात खिळे नसले तरी.